भट्टीत घातलेली उष्णता चुन्यातून परत मिळते का?

मंगळवारपेठकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराची मागची भिंत या उन्हाळ्यात दुरुस्तीला काढली आहे. भिंत मूळची चुन्यात बांधलेली असल्यामुळे गवंडीमामांनी सिमेंट वापरायला साफ नकार दिला आणि चुनकळी आणून परसातल्या टाक्यात विरवायला घेतली. माझी मुलगी दहावीत आहे. तिने कळीच्या चुन्याची अभिक्रिया पुस्तकात वाचलेली होती, पण प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती, म्हणून ती टाक्यापासून चार हात लांब उभी राहून पाहत होती. पाणी ओतल्यावर पहिली एक-दोन मिनिटे काहीच घडले नाही. मग एकेका खड्याला तडा जाऊ लागला, खडे फुलून पिठासारखे ढासळू लागले, टाक्यातून वाफ निघाली आणि खाली विस्तवाचा मागमूस नसताना पाणी खदखदू लागले.

त्यानंतर तिने जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे मला देता आली नाहीत, म्हणून ते जसेच्या तसे येथे मांडते. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो, आणि ही अभिक्रिया उष्माग्राही आहे. कळीच्या चुन्यात पाणी घातले की उष्णता बाहेर पडते, म्हणजे ही उष्मादायी आहे. पुढे तोच चुना भिंतीत हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे रासायनिक दृष्टीने पाहिले तर पुन्हा चुनखडीच. मग भट्टीत घातलेली सगळी उष्णता टाक्यातच परत मिळाली का? नसेल तर उरलेली कोठे गेली? खालच्या इयत्तांत तिला ‘भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक बदल उलटवता येत नाही’ असे शिकवले होते, मग चुनखडी फिरून चुनखडी कशी झाली? आणि तिचा शेवटचा प्रश्न असा की, चुना उलट फिरतो तर गॅस जळून झालेल्या वायूंपासून पुन्हा गॅस का करता येत नाही? शिकवणीतल्या बाईंनी ‘परीक्षेत एकाच दिशेचा बाण काढायचा’ एवढे सांगून विषय संपवला. जाणकारांनी थोडे सविस्तर लिहावे.

जुना फळा

ताई, मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि दरवर्षी हाच विषय मुलांच्या हातून निसटताना पाहिला, म्हणून जरा लांबण लावतो. आपल्या मुलीने नकळत या विषयाच्या गाभ्यालाच हात घातला आहे.

प्रथम हिशेब मांडू. आकडे रसायनशास्त्रात रुळलेले आहेत आणि ते २५ अंश सेल्सिअस तापमानाला धरले आहेत, म्हणजे भट्टी व दगड तापवण्याचा खर्च यात नाही. एक मोल (म्हणजे सुमारे १०० ग्रॅम) कॅल्शियम कार्बोनेटचे कळीचा चुना व कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करायला सुमारे १७८ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्या कळीच्या चुन्याने पाणी घेतले की सुमारे ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. विरलेल्या चुन्याने कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कार्बोनेट तयार झाले आणि पाणी सुटले की सुमारे ११३ किलोज्यूल बाहेर पडतात. आता ६५ आणि ११३ यांची बेरीज मुलीलाच करायला सांगा. पै न पै जमा होते. हा योगायोग नाही. एखादा पदार्थ तयार होताना जेवढी उष्णता बाहेर पडते तेवढीच तो मोडताना लागते, हे लव्हाझिए व लाप्लास यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते, आणि मार्ग कितीही टप्प्यांचा असला तरी सुरुवात व शेवट तेच असतील तर एकूण उष्णताबदल तोच राहतो, हा नियम जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये दिला.

आता हेच किलोच्या भाषेत सांगतो. एक किलो कळीचा चुना मिळवण्यासाठी साधारण १.८ किलो शुद्ध चुनखडी भाजावी लागते आणि नुसत्या विघटनालाच सुमारे ३,१८० किलोज्यूल लागतात. आपल्या टाक्यात त्यातले सुमारे १,१६० किलोज्यूल परत मिळाले. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचे साडेतीन लिटरहून अधिक पाणी उकळीला येते, आणि एक किलो चुन्याला विरण्यापुरते पाणी मात्र पाव ते अर्धा लिटरच लागते, त्यामुळे कमी पाण्यात विरवला की तो उकळून अंगावर उडतो. मुलीला चार हात लांब उभे केलेत ते योग्यच केलेत. डोळ्यात उडालेला चुना भाजतोही आणि आम्लारी म्हणून डोळा खातोही.

उरलेले सुमारे २,०२० किलोज्यूल भिंत परत करणार आहे, परंतु इतक्या सावकाश की ते कोणाच्या हाताला कळणार नाहीत. समजा एक किलो चुन्याचे हे काम एका वर्षात पुरे झाले, तर सरासरी एका वॉटचा सोळावा भाग एवढीच उष्णता बाहेर पडत राहील, म्हणजे विजेच्या बोर्डावरच्या बारीक खुणेच्या दिव्याला लागते तेवढी. प्रत्यक्षात जाड भिंतीच्या पोटात हवा पोचायला वर्षानुवर्षे लागतात. गवंडीमामा भिंतीवर अधूनमधून पाणी मारायला सांगतील, ते नुसती रूढी म्हणून नव्हे. कार्बन डायऑक्साइड आधी ओलाव्यात विरघळतो आणि मगच चुन्याशी त्याची गाठ पडते, त्यामुळे ठणठणीत कोरडी भिंत लवकर पक्की होत नाही.

तेव्हा उष्णता सगळी परत मिळाली, पण ती कोणत्या तापमानाला मिळाली हे पाहणे महत्त्वाचे आहे. भट्टीत ती सुमारे ९०० अंशांना दिली होती, भिंतीने ती पेठेतल्या हवेच्या तापमानाला परत केली. किलोज्यूल तेवढेच असले तरी या उष्णतेवर पुन्हा दगड भाजता येत नाही.

आता उलटण्याचा प्रश्न. ‘रासायनिक बदल उलटवता येत नाही’ हे वाक्य लहान मुलांना दूध-दही आणि जळलेला कागद समजावण्यापुरते ठीक आहे, रसायनशास्त्राचा नियम म्हणून ते चुकीचे आहे. चुनखडीच्या अभिक्रियेत दोन्ही दिशांनी जाणे सतत चालू असते. भट्टीच्या आत दगड कार्बन डायऑक्साइड सोडत असतो आणि कळीचा चुना तो गिळतही असतो, आणि ज्याचा वेग जास्त ती दिशा आपल्याला दिसते. बंद भांड्यात चुनखडी तापवली तर भांड्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एका ठराविक मर्यादेपर्यंत चढतो आणि तेथे थांबतो. तेथे दोन्ही वेग सारखे झालेले असतात आणि यालाच आपण समतोल म्हणतो. ८०० अंशांना हा दाब वातावरणीय दाबाच्या एक पंचमांशाच्या आसपास असतो आणि ९०० अंशांच्या सुमारास तो वातावरणीय दाबाएवढा होतो. म्हणून भट्टीवाल्याला दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात, आच पुरेशी ठेवणे आणि निघालेला वायू वाऱ्याच्या ओढीने बाहेर जाऊ देणे. भट्टी कोंडली तर दगडाचा गाभा कच्चा राहतो.

ही दुसरी गोष्ट, म्हणजे बाहेर काय जाऊ दिले यावर दिशा ठरते ही, प्रथम ज्याच्या लक्षात आली त्याची हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. क्लोद बर्थोले हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १७९८ मध्ये नेपोलियनच्या स्वारीबरोबर इजिप्तला गेला होता. तेथील खाऱ्या तळ्यांच्या काठी त्याला धुण्याच्या सोड्याचे थर जमलेले दिसले. प्रयोगशाळेत सोड्याच्या द्रावणात कॅल्शियम क्लोराइड घातले की चुनखडी तळाशी बसते आणि द्रावणात मीठ राहते, हे त्याला ठाऊक होते. येथे तर नेमके उलट घडत होते, कारण काठाला चुनखडी होती आणि तळ्यात मिठाचा अक्षरशः महापूर होता. मिठाचे प्रमाण अफाट असले आणि तयार होणारा सोडा काठावर सुकून बाजूला होत राहिला तर तीच अभिक्रिया उलट्या दिशेने चालते, असे अनुमान त्याने काढले. तोपर्यंत पदार्थांची ‘ओढ’ ठरलेली असते आणि ती एकाच दिशेने असते अशी समजूत होती.

मुलीच्या पुस्तकातला एकेरी बाण चुकीचा नाही. उघड्या भट्टीतून वायू निघून गेला की परत येणारी बाजूच उरत नाही, म्हणून तेथे एकेरी बाण काढतात. बंद भांड्याची गोष्ट असेल तर दुहेरी काढावा.

बिडाचा धूर

सरांचा हिशेब उत्तम आहे. मी शिरोलीला फाउंड्रीत आहे आणि आमच्या क्युपोलात, म्हणजे बीड वितळवण्याच्या उभ्या भट्टीत, कोक व कच्च्या लोखंडाबरोबर चुनखडीही पडते, त्यामुळे ही अभिक्रिया रोजची आहे. मात्र आमच्याकडे चुना परत दगड होत नाही. तो वाळूच्या अंशाला धरून स्लॅग, म्हणजे वितळलेली मळी, होतो आणि आम्ही तो वरून काढून टाकतो. त्यावरून मला एक साधा नियम सुचतो. जी अभिक्रिया उष्णता देते ती आपोआप होते, आणि जी घेते ती आपण इंधन घालून जबरदस्तीने करून घ्यावी लागते. कोक आपोआप जळतो, चुनखडी भाजावी लागते. ताईंच्या मुलीला एवढे सांगितले तरी पुरे होईल असे वाटते.

पन्हाळा-पायथा

दादा, आपला नियम ऐकायला बरा वाटतो, पण माझ्या शेतातच तो मोडतो. उसाला फवारणी करताना मी युरिया पाण्यात विरघळवतो तेव्हा पिंप बाहेरून घामेजते इतके पाणी गार होते. तेथे मी कोणतेही इंधन घालत नाही आणि युरिया मात्र उष्णता घेत घेत खुशाल विरघळतो. हे विरघळणे आहे, अभिक्रिया नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यांनी खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस पेल्यात एकत्र करून पेल्याला हात लावून पाहावा. फेस उसळत असतानाच पेला गार पडतो.

आमचे गुऱ्हाळ आहे, त्यामुळे चुन्याशी माझाही संबंध रोजचा आहे. घाण्यातून निघालेला रस मुळात किंचित आंबट असतो. काहिलीत रस तापू लागला की आम्ही त्यात भेंडीचे पाणी आणि चुन्याची निवळी घालतो, मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढतो. चुना घालण्याचे खरे कारण मला कृषी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांनी समजावले, आणि ते या प्रश्नाशी फार जवळचे आहे. आंबट रस तापला की त्यातली साखर पाण्याचा एक रेणू घेऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत फुटते. तोड होऊन ऊस दोन-तीन दिवस तसाच पडून राहिला तरी हेच घडते. अशा रसाचा गूळ नीट बसत नाही, कणी धरत नाही, आणि पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटते, ज्याला आम्ही गूळ पाघळला म्हणतो. निवळीने आंबटपणा कमी होतो आणि साखरेचे फुटणे मंदावते. मात्र निवळी जास्त झाली तर गूळ काळवंडतो, म्हणून हात राखून घालावी लागते आणि तेथेच गुळव्याची परीक्षा असते.

यात मला नवल वाटते ते असे की, साखर फुटताना जी उष्णता निघते ती मोलमागे सुमारे १५ किलोज्यूल, म्हणजे चुना विरण्याच्या पाव भागाहूनही कमी. इतका क्षुल्लक बदल, तरीही तो उलटवता येत नाही. चुनखडीला १७८ किलोज्यूल लागतात आणि ती मात्र सहज उलटते. पाघळलेल्या गुळातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मी कितीही आटवले तरी त्याची पुन्हा साखर होत नाही, फार तर करपते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत या मिश्रणाला ‘इन्व्हर्ट’ (उलटलेले) म्हणतात, आणि त्या नावामुळे माझा मुलगा बरेच दिवस ही उलटणारी अभिक्रिया आहे असे धरून चालला होता. तेथे उलटते ती अभिक्रिया नव्हे. साखरेचे द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवते, तर हे मिश्रण डावीकडे फिरवते, एवढेच त्या नावात आहे.

सरांना माझा प्रश्न असा की, ऊर्जा किती आहे यावर जर उलटणे अवलंबून नाही, तर ते कशावर अवलंबून आहे?

जुना फळा

आपण दोघांनी मिळून माझे काम सोपे केले. फाउंड्रीवाल्या दादांना संकोच वाटू नये म्हणून सांगतो की त्यांचा नियम एकोणिसाव्या शतकातल्या दोन मोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी, डेन्मार्कच्या थॉमसन आणि फ्रान्सच्या बर्थलो यांनी, जवळजवळ याच शब्दांत मांडला होता. (हा बर्थलो वेगळा आणि इजिप्तला गेलेला बर्थोले वेगळा. माझे विद्यार्थी या दोघांची हमखास गल्लत करत.) कोणत्याही अभिक्रियेत जास्तीत जास्त उष्णता देणारी बाजूच जिंकते असे त्यांचे म्हणणे होते. नेहमीच्या तापमानाला ते बऱ्याच वेळा खरे ठरते, म्हणूनच इतकी वर्षे टिकले. युरियाच्या पिंपाचे उत्तर मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

दिशा ठरवणाऱ्या गोष्टी दोन आहेत. एक म्हणजे उष्णता बाहेर पडते की आत घेतली जाते. दुसरी म्हणजे कण किती मोकळे होतात, किती तऱ्हांनी पसरू शकतात, ज्याच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. घट्ट बसलेल्या युरियाचे रेणू पाण्यात मोकळे सुटतात, सोडा व लिंबाच्या रसातून वायू सुटतो, आणि हा मोकळेपणा एवढा भारी पडतो की उष्णतेचा तोटा सोसूनही अभिक्रिया पुढे जाते. तापमान जितके जास्त तितके या दुसऱ्या गोष्टीचे वजन वाढते. चुनखडीचे नेमके हेच आहे. खोलीच्या तापमानाला उष्णतेचे पारडे जड असते, म्हणून चुना कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो. ९०० अंशांच्या सुमारास वायू मोकळा होण्याचे पारडे जड होते, म्हणून तो सोडतो. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी असतील आणि तापमान वा दाब थोडा बदलून एखादे खाली-वर करता येत असेल, तर ती अभिक्रिया आपल्याला ‘उलटणारी’ वाटते.

साखरेच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच बाजूला झुकतात. थोडी का होईना उष्णता बाहेर पडते, आणि एका रेणूचे दोन होऊन पसरायला वाव मिळतो. परत जाणाऱ्या बाजूला काहीच उरत नाही, म्हणून समतोल जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोज-फ्रुक्टोजकडे असतो. ऊस स्वतः मात्र हीच साखर त्याच दोन शर्करांपासून घडवतो. तो सरळ त्याच वाटेने उलटा जात नाही. सूर्यप्रकाशातून मिळवलेली ऊर्जा खर्चून तो आधी ग्लुकोजला चढ्या ऊर्जेच्या रेणूला बांधतो आणि मग तेथून उतरतीने साखर करतो. ताईंच्या मुलीच्या गॅसच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. गॅस जळताना प्रचंड उष्णता बाहेर पडते, आणि झालेले वायू तर हवेत कोठच्या कोठे पसरतात. त्या कार्बन डायऑक्साइड व पाण्यापासून पुन्हा इंधन करणे अशक्य नाही, झाडे तेच करतात, पण जेवढी उष्णता मिळाली होती तेवढी तर घालावी लागतेच आणि पसरलेले गोळा करण्याचा खर्च वेगळा पडतो. घाट्याचा धंदा आहे.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवावी. ‘कोक आपोआप जळतो’ असे दादा म्हणाले, परंतु फाउंड्रीच्या आवारात कोकचा ढीग वर्षभर हवेत पडून असतो आणि जळत नाही. त्याला आधी पेटवावे लागते. अणूंमधले जुने बंध सैल करण्यापुरती ही जी सुरुवातीची ऊर्जा लागते तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात, आणि तिचा संबंध अभिक्रिया किती वेगाने होईल याच्याशी आहे, शेवटी उष्णता मिळेल की लागेल याच्याशी नाही. बंध तुटताना ऊर्जा नेहमी लागते आणि जुळताना नेहमी मिळते. ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ असे शिकवण्यांमधून सर्रास सांगितले जाते, ते मुलीने डोक्यातून काढून टाकावे.

बिडाचा धूर

कोकच्या ढिगाचे उदाहरण मान्य आहे, माघार घेतो. पण मग आमच्याच धंद्यातले एक कोडे विचारतो. क्युपोलाच्या वरच्या भागात, जेथे तप्त कोकशी कार्बन डायऑक्साइडची गाठ पडते, तेथे काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो आणि तेवढी उष्णता फुकट जाते. आमचे जुने मिस्त्री म्हणायचे की भट्टी आणखी उंच केली तर वायूला जळायला वेळ मिळेल. ते खरे आहे का?

जुना फळा

आपल्या मिस्त्रींप्रमाणेच एकोणिसाव्या शतकात लोखंडाच्या मोठ्या झोतभट्ट्या बांधणाऱ्यांनाही वाटत होते. धुराड्यातून कार्बन मोनॉक्साइड वाया जातो, म्हणजे त्याला लोहखनिजाशी भिडायला वेळ अपुरा पडत असणार, असे धरून त्यांनी भट्ट्यांची उंची वाढवत नेली आणि त्यासाठी अमाप पैसा ओतला. वायूतले मोनॉक्साइडचे प्रमाण काही हटेना. वेळ अपुरा नव्हताच, अभिक्रिया समतोलाला पोचून थांबत होती, आणि समतोलाला पोचलेल्या गोष्टीला आणखी वेळ देऊन काहीच पदरात पडत नाही. ही हकीकत ल शातेलिए यांनी नोंदवली आहे. तापमान वा दाब बदलला की समतोल त्या बदलाला विरोध करणाऱ्या बाजूला सरकतो, हा त्यांचा नियम १८८४ चा. मूळचे ते चुना व सिमेंट यांचेच अभ्यासक होते, आणि पाण्यात घट्ट होणाऱ्या चुन्यांवर त्यांनी १८८७ मध्ये प्रबंध लिहिला, हे ताईंच्या गवंडीमामांना आवडेल.

आपल्या कोड्याच्या बाबतीत असे की, मोनॉक्साइड तयार होणे उष्माग्राही आहे, मोलमागे सुमारे १७२ किलोज्यूल. म्हणजे जितके तापमान जास्त आणि कोकशी सहवास जितका लांब, तितका मोनॉक्साइड वाढणार. तप्त कोकचा थर उंच करणे हे नेमके उलट्या दिशेचे पाऊल ठरेल. मोनॉक्साइड पुढे जाळून उष्णता मिळवायची तर त्याला कोक संपल्यावर वर ताजी हवा मिळाली पाहिजे.

मंगळवारपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. ६५ आणि ११३ ची बेरीज मुलीने भिंतीवरच कोळशाने लिहून ठेवली आहे, आणि गवंडीमामांनी गिलावा करेपर्यंत ती तशीच ठेवायचे कबूल केले आहे.

काल गल्लीत कल्हईवाले आले होते, तेव्हा आजीच्या काळातली पितळी पातेली काढली. त्यांनी तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकली, नाकात झिणझिण्या आणणारा वास आला आणि पांढराशुभ्र धूर उठला. मुलगी म्हणाली की नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, ते तापून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू झाले, पण ते दोन्ही वायू तर रंगहीन आहेत, मग पांढरे काय दिसते? तो धूर म्हणजे वर गार हवेत दोन्ही वायू पुन्हा जुळून झालेला नवसागरच, असा तिचा तर्क आहे. तो बरोबर आहे का? आणि बरोबर असेल तर पातेल्याने दिलेली उष्णता तो धूर हवेला परत देतो का?

जुना फळा

दोन्ही बरोबर आहे, तिला माझी शाबासकी सांगा. मोडताना मोलमागे सुमारे १७६ किलोज्यूल लागतात आणि जुळताना तेवढेच हवेत सुटतात, अगदी चुनखडीच्या तोडीचा आकडा, पण येथे परत यायला वर्षे लागत नाहीत, पातेल्याच्या काठापासून वर वीतभर अंतर पुरते. थोडी दुरुस्ती एवढीच की सगळा नवसागर परत येत नाही. पातेल्याच्या पृष्ठभागावर तांब्याचे जे ऑक्साइड असते त्याला क्लोरीनचा काही भाग धरून बसतो आणि धातू स्वच्छ होतो, त्यामुळेच तर कथील त्यावर चढते. तेवढ्या भागाचा अमोनिया जोडीदार नसल्यामुळे मोकळा राहतो. नाकात झिणझिण्या आल्या त्या बहुतांशी त्याच्या.